गोडोलीचा उतार

जयराज सांगत होता, रेश्मा हसत होती आणि संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात बसून लाडवांचा डबा पिशवीत कसा बसेल ते बघत होती. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. उद्या सकाळी मुलगा राजवर्धन आणि त्याची ही नवी बायको रेश्मा हैदराबादला निघणार होते, राजवर्धनची नोकरी तिकडं लागली होती. पोरगी कवठे महांकाळची. सांगलीपलीकडं तिनं कुठलं शहर नीट पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं सहज विचारलं होतं की आई, तुम्ही कुंडल सोडून पहिल्यांदा साताऱ्यात राहायला गेलात, तेव्हा तुम्हाला करमलं का. प्रश्न संयोगिताला होता आणि उत्तर तिचा नवरा जयराज देत होता. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. साताऱ्याच्या गोष्टी घरात तोच सांगायचा, आणि चांगल्या सांगायचा. सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस, चार लोकांत बोलायची सवय. अजिंक्यताऱ्यावरनं उतरलेल्या वानरानं घरमालकिणीच्या खिडकीतून कणकेचा गोळा कसा पळवला, लहानगा राजवर्धन शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनाच कसा म्हणाला की तुम्ही घरी जा, मी थांबतो. हे सगळं घडलं तेव्हा जयराज जम्मूकडं होता आणि दर रविवारी फोनवर तिनंच ते त्याला सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांत त्या गोष्टी त्याच्या झाल्या होत्या. ऐकताना कधी कधी तिला वाटायचं, आपण पाहिलं त्यापेक्षा यानं ऐकलं ते जास्त रंगीत होतं.

"आणि ही गाडी शिकाया गेली ती तर गंमतच," जयराज म्हणाला. "गोडोलीत एक उतार हाय. चारुवैनीची स्कूटी घिऊन ही वरनं सुटली ती सरळ खाली. पिवळी साडी, पदर कमरंला खवलेला. त्यो वैनीचा नवरा मागनं पळतोय आन् ही गटारीच्या कडंला गाडीसकट आडवी. मला वाटलं, आता रडती. तर ही आपली रस्त्यात फतकल मारून हसतीया. लोकं बघत्यात, हिला त्याचं काय सुदीक न्हाई."

रेश्मा हसली, राजवर्धन मोबाईलमधून मान वर करून हसला. जयराजही हसला, आणि हसता हसता त्याची नजर दाराकडं गेली, संयोगितावर क्षणभर थांबली, आणि मग गोष्ट तिथंच संपवून तो राजवर्धनला गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल काहीतरी विचारायला लागला. संयोगितानं डबा पिशवीत घातला. पिशवीचे बंद बांधले. डबा आडवा घातला गेला होता हे तिच्या लक्षात आलं, पण बंद सोडून तो सरळ करायला तिचे हात तयार नव्हते. ती पडल्याची गोष्ट तिनं त्याला कधीच सांगितली नव्हती.

कधीच नाही. तिनं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, तांदूळ निवडताना एखादा खडा राहिला असेल तर बघावा तसं. तेव्हा नाही सांगितलं, नंतर नाही सांगितलं, पुढं कधी हसण्यावारीही नाही. सांगणं शक्यच नव्हतं, कारण पडल्यावर स्कूटीच्या सायलेन्सरनं तिची पोटरी भाजली होती आणि ते लपवण्यासाठी ती त्याच्याशी खोटं बोलली होती. दूध उतू जाऊन पायावर सांडलं, असं. घरमालकीण चारुलतावहिनींनी सांगितलं असेल? कुंडलला आल्यानंतर वहिनींची आणि त्याची कधी गाठ पडली नव्हती. आणि सांगितलं असतं तरी साडी पिवळी होती हे त्या कशाला सांगतील, पदर कमरेला खोचला होता हे कशाला सांगतील. मला वाटलं आता रडती, असं तो म्हणाला होता. ऐकलेल्या गोष्टीत माणसाला असं वाटत नाही. असं वाटायला तिथं उभं असावं लागतं. पण तो दुसऱ्या दिवशी आला होता, शनिवारी. हातात काळी ट्रंक, कानाला मफलर, रिक्षातून उतरताना हसत. तो शनिवारी आला होता, हे तिच्या आयुष्यातल्या खात्रीच्या गोष्टींपैकी एक होतं.

साताऱ्यात ती गेली ती राजवर्धनच्या शाळेसाठी. गोडोलीच्या त्या गल्लीत अशा आणखी दोघी-तिघी होत्या, नवरा फौजेत, पोरं शाळेत आणि आपण दोन खोल्यांत. माहेर मेढ्याचं, सासर कुंडलचं. डोंगर तिला ठाऊक होता, ऊस ठाऊक होता, पण कुलूप लावून बाहेर पडायचं आणि किल्ली आपल्याच कमरेला ठेवायची, हे ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस ती दुपारची दार लावून नुसती बसून राहायची. मग घरमालकीण चारुलता, वाईच्या घरातली, तिच्याहून थोडीच मोठी, एक दिवस आत येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही घरात कोंडून काय घेता? चला माझ्याबरोबर." तिच्या ओळखीनं संयोगिता राजवाड्याजवळच्या एका फोटोच्या लॅबमध्ये जाऊ लागली, पोरगा शाळेत असायचा तेवढा वेळ. मालक नारायणराव, म्हातारे, कमी बोलणारे. लोकांच्या लग्नाचे, बारशाचे फोटो छापून आले की ते क्रमानं लावायचे, अल्बममध्ये बसवायचे, एखाद्या फोटोवर धुळीचा पांढरा ठिपका उमटला असेल तर बारीक कुंचल्यानं रंग भरून तो बुजवायचा. तिला ते येत होतं. येतं हे कळल्यावर ते आवडायला लागलं. जयराजला तिनं फोनवर विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, कर की, येळ जाईल. संध्याकाळी पोवई नाक्यावरून भाजी घेऊन चालत येताना, किल्ल्यावर ऊन उतरलेलं असताना, तिला कुठल्याच गोष्टीची घाई नसायची. सासू नाही, जाऊ नाही, नवरा नाही. हा शेवटचा शब्द मनात आला की ती दचकायची आणि घाईनं पाऊल उचलायची, जणू कुणी ऐकलं.

मग नारायणरावांनी नवं काउंटर काढायचं ठरवलं आणि ते तू सांभाळ म्हणाले. दिवसभराचं काम. गोडोलीतून रोज जायचं-यायचं तर गाडी यायला हवी, असं चारुलतानं ठरवून टाकलं आणि आपली स्कूटी तिच्या हातात दिली. जयराजची सुट्टी जवळ आली होती. काउंटरची बातमी फोनवर सांगायची नाही, समोर सांगायची, असं संयोगितानं मनाशी ठरवलं. आणि त्याहून पुढं, चारुलतालाही न सांगता, तिनं आणखी एक गोष्ट ठरवली. शनिवारी तो स्टँडवर उतरेल तेव्हा आपण स्कूटी घेऊन तिथं उभं राहायचं. तो ट्रंक घेऊन रिक्षा शोधत असेल आणि आपण म्हणायचं, बसा मागं. एवढंच वाक्य. ते वाक्य ती लॅबमध्ये फोटो लावताना मनात म्हणून बघायची आणि एकटीच लाजायची. शुक्रवारी ती उतारावर पडली. चारुलताचा नवरा सुमंत सीट धरून मागं पळत होता, त्याचा हात सुटला. दुखणं नंतर कळलं, आधी हसू आलं. इतकं की चारुलता धावत आली आणि तिला उठवायचं सोडून तिच्याशेजारी खडीवरच बसली. त्या हसण्याचं कारण पडणं नव्हतंच. उताराच्या मध्यावर, हात सुटल्यावर, पडायच्या आधी, थोडा वेळ ती खरोखरच एकटी गाडी चालवत होती.

शनिवारी जयराज आला. पाय सुजला होता, पट्टी बांधलेली होती, चालताना ती लंगडत होती. काय झालं, त्यानं विचारलं. दूध सांडलं, ती म्हणाली. पाय बरा झाला की गाडीवरून त्याला फिरवून आणू, तेव्हा सगळं सांगू, असं तिच्या मनात होतं. तो थोडा वेळ पट्टीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "जपून." तेव्हा तिला तो शब्द प्रेमाचा वाटला होता. जेवायला बसल्यावर त्यानं सांगितलं की आईची तब्येत ठीक नाही, तिच्याच्यानं आता एकटीला होत नाही, तुला कुंडलला जावं लागेल. राजवर्धनची शाळा, ती म्हणाली. तिकडं बी शाळा हायेत, तो म्हणाला. तिनं काउंटरची गोष्ट पोटात ठेवली. सासूच्या आजारपणापुढं फोटोच्या लॅबचा विषय काढायचा म्हणजे आपलंच तोंड काळं करून घेणं. त्याच सुट्टीत सामान टेंपोत चढलं. चारुलता दारात उभी राहून रडत होती, नारायणरावांनी एक कोरा अल्बम पाठवला होता, आणि जयराज टेंपोच्या दोऱ्या इतक्या घट्ट आवळत होता की संयोगिता म्हणाली, आवं, पातेली चेमटतील.

इतकी वर्षं तिनं ते सासूसाठी केलं असं मानलं होतं. मानता मानता त्याचा एक ताठा झाला होता, तिच्या पाठीच्या कण्यात बसलेला. सासूबाई मनुबाई खरोखरच पुढं अंथरुणाला खिळल्या, पण ते कितीतरी वर्षांनी; ती कुंडलला आली तेव्हा त्या रोज शेतात जात होत्या. मी आले म्हणून बऱ्या झाल्या, असं तिनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. शेवटच्या दिवसांत एकदा ती त्यांचे केस विंचरत असताना कशावरून तरी त्यांचा आवाज चढला आणि संयोगिता चिडून म्हणाली की तुमच्यासाठी मी सगळं सोडून आले. म्हातारीनं मान वळवली आणि शांतपणे म्हणाली, "मी कुठं बोलिवलं हुतं तुला, बाई?" संयोगिता फणी तिथंच टाकून मागच्या अंगणात गेली होती आणि गोठ्याच्या भिंतीला धरून रडली होती. केलेल्याची जाण नसलेली म्हातारी, असं ती नंतर माहेरी सांगायची. आज, पिशवीचे बंद बांधून झाल्यावर, तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि पहिल्यांदाच कळलं की त्या खरं सांगत होत्या. त्यांनी बोलावलं नव्हतं. त्या मरून आता कितीतरी दिवस झाले होते आणि त्यांच्यावरचा राग तिनं काल-परवापर्यंत जपून वापरला होता.

सकाळी पोरं गेली. रेश्मा गाडीत बसताना रडली नाही, राजवर्धनचेच डोळे भरले. जयराजनं मुलाला रस्त्याबद्दल सूचना दिल्या आणि गाडी वळणाआड गेल्यावर तो तसाच खोरं घेऊन उसाला पाणी द्यायला गेला. घर एकदम मोठं झालं. संयोगिता थोडा वेळ आवरत राहिली; मग चहाचा थर्मास घेऊन, रोज गडी नेतो तो आज आपणच घेऊन, बांधावरून चालत गेली. तो सरीचं तोंड मोडत होता. तिनं थर्मास बांधावर ठेवला.

"तुमी गोडोलीत आला हुता," ती म्हणाली. "मी पडले तवा."

त्यानं खोऱ्यानं माती ओढली, पाणी दुसऱ्या सरीत वळलं. "व्हय," तो म्हणाला. आवाजात लपवणं नव्हतं. कालच्या नजरेनंतर तो हिच्या येण्याची वाटच बघत असावा.

मग त्यानं सांगितलं, थांबत थांबत, पाण्याकडं बघत. पलटणीत त्याच्याबरोबर नागठाण्याचा लालासाहेब होता. त्याची बायको अशीच शहरात पोरांना घेऊन राहिली होती, आणि लालासाहेब सुट्टीला आला तर खोलीला कुलूप, बायको कुणाबरोबर तरी निघून गेलेली. त्यानंतर बराकीत सगळे एकमेकांना हसत हसत विचारायचे, तुझं कुलूप उघडं हाय का रं. जयराज ठरल्याच्या दोन दिवस आधी निघाला. स्टँडजवळ लॉजवर राहिला. गोडोलीत उताराच्या समोर चहाचं दुकान होतं, तिथं बसून राहिला. मफलर त्यासाठीच होता.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"कायच न्हाई. पोराला शाळंत सोडायचीस, कामावर जायचीस, घरी यायचीस. माझी मलाच लाज वाटाया लागली. उठून तुझ्याकडंच निघालो हुतो. तवर तू वरनं आलीस." तो थांबला. "तू हसत हुतीस. माझ्याम्होरं तू कवाच तशी हसली न्हाईस."

"मग रस्ता वलांडून यायचं हुतं."

"आलो असतो तर हसायची थांबली असतीस."

ते खरं होतं. तो समोर दिसला असता तर ती झटकन उठली असती, पदर सोडून डोक्यावर घेतला असता, साडीची माती झटकली असती, आणि कधी आलात, चहा ठेवते, असं म्हणाली असती. हे त्याला ठाऊक होतं. इतक्या लांबून, चहाच्या दुकानातून, त्यानं तिला बरोबर ओळखलं होतं, आणि ओळखून त्यानं तिचं बिऱ्हाड टेंपोत घातलं होतं. तिनं काही वाईट केलं असतं तर तिला शिक्षा कशाची झाली हे तरी कळलं असतं.

"आन् दुसऱ्या दिशी घरी आलो तर तू म्हणालीस, दूध सांडलं." आता तो पहिल्यांदा तिच्याकडं बघत होता. केस पांढरे, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोळ्यात चहाच्या दुकानातला तो तरुण माणूस. "खोटं का बोललीस तू?"

उत्तर तिच्या ओठावर आलं. दोन शब्दांचं उत्तर होतं. पण तिला दिसलं की हा प्रश्न त्यानं इतकी वर्षं सांभाळला आहे, पोस्टिंगवरून पोस्टिंगवर नेला आहे, तिच्या शेजारी झोपताना उशाला घेतला आहे. तो इतक्या सहज त्याच्याकडून काढून घ्यावा असं तिला वाटेना. "आता काय उपेग," ती म्हणाली आणि रिकाम्या हातानं बांधावरून परत आली.

त्यानंतर तिनं मनाशी एक उद्योग सुरू केला. झाडताना, भाकरी थापताना, दुपारी आडवं पडल्यावर, ती त्या उतारावर पुन्हा जायची. आधी हे तिनं कधी मुद्दाम केलं नव्हतं. तो उतार तिच्या आत होता, बास. सुमंतरावांचा हात सुटला आहे, हँडल हलकं झालं आहे, वारा कानात शिरला आहे, इथपर्यंत ती यायची. आणि मग तिला दिसायचं ते एक पिवळी साडी नेसलेली बाई, लांबून, रस्त्यापलीकडून, गाडीसह खाली येताना. फतकल मारून बसताना. तोंड उघडं टाकून हसताना. लोक बघत्यात. बाई हसते आहे हे दिसायचं, पण आपल्याला कशाचं हसू आलं होतं ते आतून लागेना. वाऱ्याचा तो स्पर्श ती शोधायची आणि तिथं चहाच्या दुकानातला धूर यायचा. पुन्हा वर जायची, पुन्हा खाली यायची, पुन्हा ती बाई. लॅब तर मागंच बंद पडली होती, मोबाईल आल्यावर फोटो कोण छापतंय. तिथं राहिले असते तरी सुटलंच असतं, असं ती इतकी वर्षं स्वतःला समजावत आली होती, आणि ते तिला पुरत होतं. आता जे गेलं होतं त्याला अशी समजूत सापडत नव्हती.

जयराज त्या दिवसांत कमी बोलायचा. हैदराबादहून फोन आला की तो आधी तिला द्यायचा. एक दिवस पलूसला जाऊन त्यानं तिच्यासाठी न सांगता चपला आणल्या. तिला त्याची कीव आली नाही. कीव यायला हवी होती, हे तिला कळत होतं. कीव आली असती तर संसार पुढं ढकलता आला असता. त्याऐवजी तिला त्याच्या प्रत्येक चांगल्या वागण्यात तो हात दिसायचा, टेंपोची दोरी आवळणारा. आणि मग रविवारी दुपारी, तो जेवायला बसला असताना, आमटी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं. मायेनं नाही. त्याला कुठंतरी लागावं म्हणून.

"तुमाला आणाया स्टँडवर यायचं हुतं मला," ती म्हणाली. "गाडीवरनं. म्हणून शिकत हुते. तुमाला म्हाईत नसावं म्हणून दूध सांडलं म्हणाले."

त्याचा घास हातात राहिला. मग तो म्हणाला, "कवा येणार हुतीस? शनवारी?"

"शनवारी. पाय सुजला, चारुवैनींनी गाडी दिली न्हाई."

"मी स्टँडवरच हुतो," जयराज म्हणाला. "सकाळीच लॉज सोडलं. एसटीतनं उतारल्यागत दिसावं म्हणून तिथं जाऊन बसलो. तासभर बसलो असंन. ट्रंकंवर." तो तिच्याकडं बघत होता. "उठावं वाटंना. वाटत हुतं, कोणतरी यावं."

तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. तो अजून बघत होता. तिनं काहीतरी बोलावं, एखादी शिवी का असेना, तिच्या तोंडून काही यावं, याची वाट बघत होता. तसा शब्द आपल्याजवळ आहे की नाही हे तिनं आत वळून बघितलंही नाही. तांब्यात पाणी नाही, असं म्हणून ती उठली आणि मागं गेली. पाणी घेऊन परत आली तेव्हा तो ताटावरून उठून गेला होता, भाकरी अर्धी तशीच होती. त्याचं ताट तिनं बाजूला सारलं. मग आपलं वाढून घेतलं आणि जेवली. तिला भूक लागली होती.